धरणांच्या पाण्यावरील वीज

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहत नाही. अवर्षण, ज्वारीची कोरडवाहू शेते, टँकर आणि गुरांच्या छावण्या हेच चित्र उभे राहते, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ह्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस सन १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने प्रवरेचे पाणी डोंगरांच्या कुशीत अडविले आहे. राहुरीजवळ मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर पसरला आहे. नेवासे व शेवगाव ह्या तालुक्यांच्या कडेला पैठणच्या नाथसागराचा फुगवटा येऊन पोचला आहे. आणि दक्षिणेस कर्जत तालुक्याच्या शिवेवर उजनीचे पाणी भीमेच्या पात्रातून मागे चढले आहे. ज्या मुलखात एके काळी नावेचा संबंध पुरापुरता किंवा सिद्धटेकाच्या यात्रेसाठी भीमा ओलांडण्यापुरता येई, तेथे आज मोठमोठे जलाशय आहेत आणि त्यांवर पोट भरणारी हजारो माणसे आहेत. नदीकाठच्या भोयास पात्राची नाडी ठाऊक असते. परंतु मैल दोन मैल रुंदीचे उघडे पाणी ही अगदी निराळी वस्तु होय. पाणी आले, होड्या आल्या. पाण्यावर वावरण्याचे जे शहाणपण कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे, ते मात्र धरणाच्या भिंतीबरोबर बांधून आले नाही. ह्या उणिवेच्या एका अंगाविषयी, म्हणजे होडीवर पडणाऱ्या विजेविषयी, आज आम्हांस लिहावयाचे आहे.

आमचे काही वाचक म्हणतील, वीज पडते ती शेतकऱ्यावर, मेंढपाळावर, झाडाखाली उभ्या राहिलेल्या मजुरावर. होडीवरची माणसे अशी कितीशी असणार? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे सन २०२२ मध्ये भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली, आणि अशा मृत्यूंत शेतात राबणाऱ्यांचा व झाडाचा आसरा घेणाऱ्यांचा भरणा मोठा असतो हे खरे. परंतु होडीवर मेलेल्यांची संख्या थोडी दिसते ती होडी निर्भय म्हणून नव्हे. होडीत बसणारेच शेतात राबणाऱ्यांच्या मानाने थोडे, म्हणून. वीज मेघातून खाली उतरताना भोवतालच्या सपाटीहून जे उंच असेल त्याला बहुधा जाऊन मिळते. शेतात निदान बांधावरची बाभूळ असते, तारांचे खांब असतात, लांबवर का होईना एखादे घर असते. जलाशयाच्या मध्यावर ह्यांपैकी काही नसते. तेथे सर्वांत उंच वस्तु म्हणजे होडीत उभा राहून जाळे ओढणारा मनुष्य! सामान्य विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअरच्या घरात असतो, आणि तिच्या वाटेतील हवा क्षणार्धात सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. अशा शक्तीपुढे मनुष्याच्या अंगची धिटाई काय कामाची?

शिवाय वीज प्रत्यक्ष होडीवरच पडली पाहिजे असेही नाही. ती जवळच्या पाण्यावर पडली तरी प्रवाह पाण्याच्या पृष्ठभागालगत चहूकडे पसरतो, आणि जो पाण्यात उतरला असेल किंवा ज्याचा हात पाण्यात असेल त्याला गाठतो. आघात प्राण जाण्याइतका नसला तरी हातपाय काही काळ लुळे पडतात व शुद्ध हरपते. जमिनीवर ही अवस्था पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. पाण्यात पडलेल्या माणसास तो थोडा वेळ कोण देणार? विजेतून वाचलेला मनुष्य पाण्यात बुडून मरावा, असा हा दुहेरी घाला आहे.

आता काळवेळ पाहा. आमच्या भागात विजांचा जोर वर्षातून दोनदा असतो. एकदा उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून मृगापर्यंतच्या वळवाच्या पावसात, आणि पुन्हा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसात. दोन्ही वेळी क्रम बहुतकरून एकच: सकाळ निरभ्र, दुपारी जिवाची तलखी, तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर ढगांचे मनोरे, आणि दिवस कलता कलता गडगडाट. मासेमारीचा क्रम काय आहे? पुष्कळ ठिकाणी दिवस कलताना जाळे पाण्यात सोडावयाचे आणि पहाटे उचलावयाचे, ही रीत आहे. म्हणजे ज्या घटकेस ढग फुटावयाचे, नेमक्या त्याच घटकेस आमचा मच्छीमार काठापासून सर्वांत दूर असतो. हा योगायोग दैवाचा नव्हे. तो वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक माणसाच्या हातचे असते.

परंतु आमच्याकडे विजेचा विषय निघाला की वेळापत्रकाची गोष्ट कोणी काढीत नाही. पहिला शब्द ऐकू येतो तो ‘पायाळू’. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला वीज ओढून घेते, सबब त्याला पावसात बाहेर सोडू नये, ही समजूत केवळ खेड्यांत नव्हे, शहरातील सुशिक्षित घरांतही आढळते. विजेस मनुष्याच्या जन्माची हकीकत कळण्याचे काही साधन नाही, हे सांगण्यास पदार्थविज्ञानाचा मोठा ग्रंथ नको. तथापि ह्या समजुतीने होणारे खरे नुकसान पायाळू मनुष्याचे नव्हे. तो बिचारा निदान घरात तरी बसतो! पायाकडून जन्मणारी मुले शंभरांत फार तर तीनचार. उरलेल्या शहाण्णवांना ही समजूत असा निर्धास्तपणा देते की, ‘मी पायाळू नाही, होडीतही कोणी पायाळू नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही.’ एखादी अंधश्रद्धा भिवविते म्हणून वाईट असे आपण समजतो. ही तर निर्भय करते, आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

असा भ्रम केवळ आमच्याच वाट्यास आला आहे असे मात्र कोणी समजू नये. आरमारी विद्येत अग्रेसर म्हणविणाऱ्या इंग्रजांची ह्या बाबतीतील हकीकत मोठी बोधप्रद आहे. शिडाच्या जहाजांच्या काळी विजेने डोलकाठ्या फुटणे, जहाजे पेटणे, खलाशी मरणे हे नित्याचे होते. फ्रँकलिनच्या प्रयोगांस अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी जहाजावर उपाय म्हणून दिलेली असे ती एक साखळी. वादळ आले म्हणजे ती डोलकाठीवर चढवावयाची व एरवी पेटीत ठेवावयाची. परिणाम असा की, वादळ येई तेव्हा साखळी बहुधा पेटीतच असे, कारण ऐन वादळात डोलकाठीवर चढण्यास कोण धजणार? सन १८२० च्या सुमारास प्लिमथच्या विल्यम स्नो हॅरिस नावाच्या डॉक्टराने तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवून त्या थेट जहाजाच्या तळापर्यंत, पाण्याला भिडतील अशा नेण्याची युक्ती सांगितली. ‘ह्या तांब्याने वीज उलट ओढली जाईल’ ही हरकत तेव्हा निघालीच. सन १८३१ मध्ये चार्ल्स डार्विनला घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर ही योजना बसविली होती आणि तिने आपली परीक्षा उत्तम दिली. तरी आरमाराने ती सरसहा स्वीकारण्यात पहिल्या सूचनेपासून वीसांहून अधिक वर्षे गेली. सन १८४७ मध्ये हॅरिसला ‘सर’ ही पदवी मिळाली. मधल्या काळात मेलेल्या खलाशांस मात्र काहीच मिळाले नाही.

ही पेटीतली साखळी आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

हॅरिसची पट्टी आपल्या होडीला ठोकली म्हणजे झाले, असे मात्र समजू नये. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून विजेचा प्रवाह गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पट सुलभपणे जातो. समुद्रावरील नौकेस पाण्यात बुडालेला सुमारे एक चौरस फुटाचा तांब्याचा पत्रा पुरतो असे मानतात. तोच पत्रा धरणाच्या गोड्या पाण्यात अपुरा पडतो, आणि वाट न मिळालेली वीज बाजूला उडी मारून माणसाच्या अंगातून किंवा होडीच्या फळीतून भोक पाडून निघून जाते. आमच्या जलाशयांवरील मासेमारीच्या होड्या तर लहान, उघड्या, बिनडोलकाठीच्या. कित्येक ठिकाणी होडीही नसते. थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा असतो. नाथसागराच्या पलीकडच्या काठी भिव धानोरा गावची शाळकरी मुले अशा थर्माकोलवर बसून शाळेस जातात, हे वृत्त सन २०२३ मध्ये देशभर गाजले होते. त्या तराफ्यावर तांब्याची पट्टी कोठे ठोकणार? तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. लहान होडीला विजेपासून वाचविण्याचा खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे वीज येण्यापूर्वी ती काठाला लागलेली असणे. बाकीचे सर्व उपाय हुकलेल्या माणसासाठी आहेत.

काठाला लागणे म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. बांगलादेशात ४ ऑगस्ट २०२१ रोजी पद्मा नदीतून एका लग्नाचे वऱ्हाड नावेने चालले होते. शिवगंज भागात गडगडाट सुरू झाला तेव्हा मंडळी शहाणपणाने घाटावर उतरली व काठच्या एका छपराखाली दाटीवाटीने उभी राहिली. वीज त्या छपरावर पडली आणि सोळा-सतरा माणसे जागच्या जागी मेली. पाणी सोडले हे त्यांनी योग्यच केले. परंतु ज्याला आपण निवारा म्हणतो तो पावसापासूनचा निवारा होता, विजेपासूनचा नव्हता. आमच्या धरणांच्या काठी काय आहे, ते प्रत्येकाने जाऊन पाहावे. कोठे एकटी बाभूळ, कोठे चार बांबूंवर टाकलेला पत्रा, कोठे काहीच नाही. चार भिंतींची पक्की इमारत, शाळा, भक्कम देऊळ किंवा पत्र्याच्या छताची बंद मोटार, हीच खरी आसऱ्याची स्थाने होत. जेथे होड्या लागतात त्या प्रत्येक धक्क्याजवळ अशी एक बंदिस्त खोली, तिच्यावर वीज अटकाव यंत्र व त्याची जमिनीत खोल गेलेली नीट जोडणी, एवढे असणे ही चैन नव्हे.

इशाऱ्याची गोष्ट त्यामानाने सोपी झाली आहे. आमच्या शेजारच्या पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप तयार केले आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरांत विजा पडत असल्यास ते सुमारे अर्धा तास अगोदर सावध करते. हवामान खात्याचे तीन तासांपुरते जिल्हावार इशारेही मोबाईलवर येतात. परंतु जाळे ओढणाऱ्याचे हात ओले असतात आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवलेला असतो. पाण्याच्या मध्यावर त्याला आवाज पोचेलच असेही नाही. इशारा पुण्याहून राहुरीस क्षणात येतो आणि राहुरीच्या धक्क्यापासून होडीपर्यंतचे दोन मैल मात्र त्याला ओलांडता येत नाहीत, ही काय कमी विचित्र गोष्ट आहे? म्हणून काठावर एक जबाबदार मनुष्य, त्याच्या हाती मोबाईल, आणि जोडीला भोंगा व मोठे लाल निशाण, एवढी जुनी साधने पाहिजेतच. हे नसेल तेथे कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. तीन सेकंदांस एक किलोमीटर हे प्रमाण. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडण्यास अडचण काही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत पुन्हा पाण्यात उतरू नये. डोक्यावर ऊन आहे म्हणून फसू नये. ढगापासून कित्येक किलोमीटर दूर, कोरड्या आभाळाखालीही वीज पडते.

हे सर्व मच्छीमारास ठाऊक नाही असे आम्हांस वाटत नाही. आभाळ त्याला आमच्यापेक्षा चांगले वाचता येते. मग तो का जातो? येथे आम्ही आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द स्पष्ट बोलणार आहोत, आणि त्यांनी राग मानू नये. जाळे हे मच्छीमाराचे सर्वस्व असते, आणि पुष्कळदा ते त्याच्या मालकीचेही नसते. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीवर ते आलेले असते. वारा सुटला की जाळे गुंतते, तुटते, वाहून जाते; आणि उचल मात्र जशीच्या तशी अंगावर राहते. म्हणून आभाळ काळे झाले की शहाण्या माणसाने काठाकडे वळावे, त्याऐवजी आमचा मच्छीमार जाळे वाचविण्यासाठी उलट आत जातो. त्याला विजेचे भय नाही असे नव्हे. त्याला वहीचे भय अधिक आहे.

तेव्हा ज्यांच्या हाती वही आहे त्यांनीच ही गाठ सोडविली पाहिजे. वादळात गेलेल्या जाळ्याची रक्कम उचलीतून वजा होईल, असे अगोदर, चार माणसांदेखत सांगून ठेवावे. जाळ्यांचा सामाईक विमा किंवा सहकारी संस्थेच्या नफ्यातून राखलेला जाळेनिधी, दोहोंपैकी काहीही चालेल. विजांच्या दिवसांत जाळे दुपारच्या आत सोडून होड्या तिसऱ्या प्रहरापूर्वी काठाला आणाव्यात, आणि त्यामुळे मासळी थोडी कमी आली तर त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. ह्यात भूतदयेची भाषा आम्ही मुद्दाम करीत नाही. कर्ता मच्छीमार गेला तर उचल कोण फेडणार, एवढाच हिशेब केला तरी आमचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

हौशी प्रवाशांची गोष्ट निराळी. त्यांना कोणतीही वही पाण्यात ढकलीत नाही. मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यासाठी पुण्यामुंबईची मंडळी लोटतात आणि दिवसा जलाशयात नौकाविहार करतात. हाच विजांचा ऐन हंगाम. नावाडी ‘आता नको’ म्हणाला की ‘आम्ही पैसे दिले आहेत’ असा जबाब येतो. नावाड्याचा नकार अखेरचा मानला जाईल आणि फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतील, अशी पाटी तिकिटाच्या जागी लागली पाहिजे. म्हणजे नावाड्यास भाड्यासाठी नाइलाज होणार नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जीव गेले. एक मनुष्य पोहून काठाला लागला. ती वीज नव्हती, वारा होता. परंतु विजेचा व त्या वाऱ्याचा ढग एकच असतो, आणि एकाचा इशारा तोच दुसऱ्याचा. त्यानंतर दोनच दिवसांनी आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नौका उलटून दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. शिकलेल्या, सराव असलेल्या माणसांची ही गत; बुडाल्यावर धावणे हे किती महागाचे काम आहे, ते ह्यावरून दिसते.

येथे पेटीतल्या साखळीची आठवण होते. लाईफ जॅकेटे कोठेच नाहीत असे नाही. परंतु ती खोलीत कुलपाखाली असली, किंवा होडीत फळीखाली दडपलेली असली, तर ती साखळीच होय. पाण्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी ते अंगावर असले पाहिजे. विजेने हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर राखण्याची आशा त्याच्यावाचून दुसऱ्या कशाने नाही.

आता सर्व काळजी घेऊनही जो मध्येच सापडला त्याने काय करावे? उभे राहू नये. बांबू, वल्ही, निशाणाची काठी आडवी करावी. हातपाय पाण्याबाहेर घ्यावेत. इंजिनास व लोखंडी वस्तूंस अंग लावू नये. होडीच्या मधोमध खाली, अंग आवळून बसावे, एकमेकांस बिलगू नये. पाण्यात उडी तर मुळीच मारू नये. वीज पडून गेल्यावर होडीचा तळ तपासावा, कारण बारीक भोकातून पाणी भरून होडी मागाहून बुडू शकते.

आणि कोणी पडलाच, तर त्याला ताबडतोब हात लावावा. ‘त्याच्या अंगात वीज आहे, शिवू नका’ हे निखालस खोटे आहे. विजेच्या तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, आभाळातील वीज क्षणात निघून गेलेली असते. देशाच्या काही भागांत अशा माणसास शेणात पुरून ठेवतात आणि वाचविता येण्याजोगा मनुष्य त्यातच गमावतात. विजेचा तडाखा बसलेल्यांपैकी बहुसंख्य लोक वाचतात, असा पाश्चात्त्य वैद्यांचा अनुभव आहे. जे मरतात ते बहुधा हृदय व श्वास थांबल्यामुळे. आणि हृदय आपोआप पुन्हा चालू झाले तरी श्वास मागे राहतो. म्हणून पाचसहा जणांस एकदम तडाखा बसला असेल तर कण्हणाऱ्यांस क्षणभर बाजूस ठेवून जो निपचित पडला आहे त्याच्याकडे प्रथम धावावे. छाती दाबावी, तोंडाने श्वास द्यावा, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत ते थांबवू नये. ही विद्या एका दुपारी शिकता येते. तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांनी धक्क्यावर जाऊन ती शिकवावी.

सरकारकडे पाहिले तर वीज पडून मृत्यू आल्यास वारसांस ४ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मेल्यावर मिळणाऱ्या रकमेची जितकी माहिती गावोगाव आहे तितकी जिवंत राहण्याच्या उपायांची नाही. सन २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनयंत्राच्या होड्यांचीही नोंद तळच्या स्थानिक संस्थांकडे व्हावी असे योजिले आहे. धरणाकाठच्या ग्रामपंचायतींनी ही नोंद मनावर घेतली, तर आज पाण्यावर किती होड्या गेल्या व किती परतल्या एवढे तरी संध्याकाळी कळेल. नोंदीबरोबर प्रत्येक होडीमागे लाईफ जॅकेटांची मोजणी करावी, आणि धक्क्यावरील खोलीचा प्रश्न जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणापुढे लेखी ठेवावा.

रोहिणी नक्षत्र दरसाल २५ मेच्या आसपास लागते. त्यापूर्वी महिनाभर जर भोंगा, निशाण व राखणदार ह्यांची व्यवस्था व्हावयाची असेल, तर ती सरकारी मंजुरीची वाट पाहून होणार नाही; तिला लागणारा पैसा राहुरी, शेवगाव, कर्जत व अकोले येथील मासळीच्या व्यापाऱ्यांस एका आठवड्याच्या उलाढालीतून काढता येईल. त्या मंडळींनी मच्छीमार संस्थांस बरोबर घेऊन ह्या कामासाठी सभा भरविल्यास, आणि वादळात गेलेल्या जाळ्याची उचल माफ करण्याचा ठराव तीत केल्यास, ठराव करणाऱ्यांच्या नावांसह तिचा साद्यंत वृत्तांत आम्ही ह्याच ठिकाणी छापू.